अकोल्याहून आलेला कडू घास

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीतच सुटली. त्यानंतर सही आणि किराण्याची यादी सोडून काही लिहिलं नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी हाती लागलीच तर आधीच माफी मागून ठेवते.

मी अमरावतीत क्लासच्या मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. माझा मुलगा फौजेत ट्रक चालवतो. सरहद्दीवर लढाई सुरू झाली तेव्हा त्याचा फोन लागेना. टीव्हीवर मात्र लढाई दिवसभर लागत होती. भोंगे वाजत, विमानं जात, खाली लाल पट्टी पळे. मुलं बघत बघत जेवत आणि पोळ्या जास्त खात. तिसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीने सांगितलं, की माझा मुलगा होता त्या गावाजवळची चौकी उडाली, कोणी उरलं नाही.

मी घरी येऊन बसले. रडू आलं नाही. दुपारी अकोल्याची मोठी बहीण एसटीने आली, हातात डबा. आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. सोयरे पिठलं-भाकर आणतात, त्याला कडू घास म्हणतात. बहिणीनेही टीव्हीच पाहिला होता. तिने मला काही विचारलं नाही, ताट वाढलं. मला कोणाला नाही म्हणता येत नाही, बहिणीलाही नाही. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या. बाहेर एका कार्यकर्त्याने माझ्यासाठी वर्गणी गोळा केली आणि त्यातले अकराशे देऊन श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायला टाकला. फोटो त्याच्याकडे होताच. मुलगा भरती झाला तेव्हा अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तोच लावला होता.

दुसरा घास तोंडात होता तेव्हा फोन वाजला.

“काय करून राहिली?” मुलगा म्हणाला.

“जेवून राहिली.”

“काय केलं?”

“पिठलं-भाकर. तुया मावशीनं आणली, अकोल्याहून.”

इथलाच पोरगा, त्याला कळलं.

“मंग मी मेलो काय, माय?”

“टीव्हीत तसंच सांगून राहिले.”

मग त्याने सांगितलं, की सगळ्यांचे फोन जमा करून घेतले होते. तीन दिवस तो पेट्या उतरवत होता, कंबर धरली होती, वरण पातळ होतं. ती चौकी त्याच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथे काय झालं ते त्यांनाच अजून कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे सगळी वाळू होती. टीव्हीत बर्फ दाखवतात म्हटल्यावर तो हसला. मी विचारलं, भेव लागते काय. लागते, म्हणाला. टीव्हीत हे कोणी बोललं नव्हतं.

मी बायकांना सांगितलं. बहीण म्हणाली, “तो तुले तसंच सांगन. टीव्हीवाले लबाड कायले बोलतीन?”

“तो सोता बोलून राहिला ना वो बाई.”

“हो, ते बी आहे,” ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्याने उरलेल्या पैशांचं पाकीट आणि वर्गणीची यादी आणून दिली. फ्लेक्स परत घेत नाहीत, एवढंच बोलला. पैसे कोणी मागितले नाहीत. पण ते घरात होते तोवर मुलगा अर्धा गेल्यासारखाच वाटे. त्याचा फोन येई तेव्हाही माझं लक्ष त्या पाकिटाकडे जाई. म्हणून मी यादी घेऊन दारोदार निघाले. दारात उभं राहून काय बोलायचं ते मला सुचेना. पोरगा आहे, एवढंच म्हणे आणि पैसे पुढे करी. एकीने ते माघारी लोटले. म्हणाली, “ठेवा ना वहिनी, पुढं कामी येतीन.” मी ओट्यावर ठेवून आले.

शेवटी किराणा दुकानदार राहिला. त्याने अकराशे एक दिले होते आणि पाकिटात एक रुपया उरला होता. बाकीचे मेसच्या पगारातून तीन महिन्यांत फेडले. परवा शेवटचे चारशे दिले. त्याने दोनदा मोजले, मुलगा कधी येतो ते विचारलं. दिवाळीत, मी म्हटलं. त्याने पेन दिला. मी त्याच्या नावावर रेघ मारली. आता पूर्ण यादी फिटली.