गेलेल्या माणसाचा नंबर

परंड्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे, आणि फावल्या वेळात मी तालुक्यातल्या रक्तदात्यांची वेबसाईट सांभाळतो. नाव, गाव, रक्तगट, मोबाईल नंबर, एवढंच तिच्यावर. त्यात सोनारीचा एक शेतकरी होता, ओ निगेटिव्ह. कुणीही फोन करावा, हा मोटारसायकलला किक मारून हजर! मला त्याचं लई अप्रूप होतं. ऐन चाळिशीत हार्ट अटॅकनं गेला. यादीतलं त्याचं नाव काढायचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाचव्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाचा फोन. "सर, माणसाची माती करून आलो आमी, तरी लोक त्याला रक्त मागायलेत! फोन वहिनीकडं हाय. बंद कर म्हनलं तर करत न्हाय, नुसती रडती. नाव काढा आधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचाच फोन, "काढलं न्हाय तुम्ही." मी भडकलो. अहो, माझ्यासमोर स्क्रीन आहे, नाव कुठंय! मग सहज मोबाईलवर साईट उघडली तर काय, हा आपला यादीत जिवंत.

चूक माझीच होती. आमची साईट स्वस्तातल्या होस्टिंगवर, एकाच सर्व्हरवर शेकडो साईटी दाटीवाटीनं. ती लवकर उघडावी म्हणून मी कॅशिंगचं प्लगिन टाकलं होतं. ते पानाची तयार प्रत ठेवतं आणि येणाऱ्याला तीच दाखवतं. एवढ्यावर थांबावं की नाही? कुणाचा तरी व्हिडिओ बघून तसलंच दुसरंही टाकलं. हात दाखवून अवलक्षण! पहिल्याची प्रत पुसली की दुसरं आपली जुनी पुढं करायचं. मी लॉगिन केलेला, म्हणून मला तेवढं ताजं पान दिसायचं.

दुसरं प्लगिन बंद केलं. तरी नाव तिथंच, कारण सर्व्हरवरच्या एका फाईलीत ते आपल्या कोडच्या ओळी मागं ठेवून गेलेलं. त्या ओळी उडवायला गेलो, एक जास्तीची उडाली, आणि सगळी साईटच बंद. आगीतून फुफाट्यात! होस्टिंगवाल्यांना विचारलं, तर म्हणे सर्व्हर ठीक आहे. डोंबलाचं ठीक! तिकडं एकेका फोनला त्या बाईच्या काळजाला डागणी बसलेली, आता तर कुणालाच रक्तदाता सापडेना, आणि मी इथं ओळी चाचपतोय. शेवटी बॅकअपमधून फाईल परत आणली, नेमक्या ओळी बेतानं काढल्या, जुन्या प्रतींचा फोल्डर पुसला. खटपटीच्या चौथ्या दिवशी मोबाईलवरनंही तो गेला. खरं सांगतो, मला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला सोनारीला गेलो. सुतकाचं घर. त्याची बायको सासूजवळ भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर नवऱ्याचा फोन आणि एक डायरी.

"वहिनी, चुकलो. आता एकही फोन येणार नाही."

तिनं मांडीवरच्या फोनकडं पाहिलं. "तरीच कालपासनं वाजला न्हाय."

मग म्हणाली, "पहिल्या दोन फोनला रडले, सर. तिसरा एका बाळंतिणीसाठी होता. तिचा नवराच फोनवर रडाय लागला. मग ह्यांची डायरी काढली. रक्त देणाऱ्या समद्या गड्यांची नावं हायत हिच्यात. एकेकाला लावत गेले. मिळाली बाटली. त्यानंतर आणखी दोघांना मिळवून दिली."

मी सासूकडं पाहिलं.

"सुतकात कुणाला शिवायचं न्हाय," म्हातारी म्हणाली. "फोनवर बोलाय कसला इटाळ?"

असलं काळीज उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिला ज्यातून सोडवायला चार दिवस मरमर मेलो, त्याच्याच आधारानं ती उठून बसली होती.

"नंबर परत लावा," ती म्हणाली. "नाव माझं घाला."

तिथंच बसून मोबाईलवर लॉगिन करून यादी उघडली. नाव घातलं, गाव घातलं. रक्तगट विचारला.

"ठाऊक न्हाय. सुतक फिटलं की तपासून घीन. तवर तिथं लिवा, शोधून देते."