भरलेल्या घागरींचा मोर्चा

आमच्या घरात साखर संपायची, रॉकेल संपायचं, पत्रकं मात्र कधी संपली नाहीत. वडील यंत्रमागावर काम करायचे आणि पाळी सुटली की संघटनेच्या कचेरीत जाऊन बसायचे. सभा असो, मोर्चा असो, उरलेली पत्रकं ते घरी आणायचे. गुलाबी, पिवळी, हिरवट, हाताला शाई लागणारी. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर अक्षरं शिकले. वर्गातली मुलं बदक आणि कमळ वाचत होती तेव्हा मला ‘तीव्र निषेध’ वाचता येत होतं. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे शब्द दिसले की आजही माझी पाठ ताठ होते. कुणाला त्याचं हसू आलं तर येऊ दे.

पण सोळा वर्षांची होईपर्यंत मी एकाही मोर्चात गेले नव्हते. वडील म्हणायचे, “आधी शीक.” आई म्हणायची, “घरात एक मोर्चावाला हाय तेवढा बास.”

आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर होती. कॉलर बसवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तरी तिची नोकरी जायच्या बेतात आली होती, आणि ती पाण्यामुळे. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. त्याची आम्ही सवय करून घेतली होती. सवय होत नव्हती ती एकाच गोष्टीची. ते कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे कुणालाच ठाऊक नसायचं. कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी दोनला. चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस, सायकलवरून जाताना दिसला की बायका त्याला अडवायच्या. तो म्हणायचा, “मावशी, मलाच फोन आल्यावर कळतंय की.”

म्हणून चौथा दिवस उजाडला की आई कामावर न जाता नळाजवळ बसायची. त्या दिवशी पाणी आलं नाही तर पाचव्या दिवशीही. मी भरते म्हटलं तरी मला कॉलेज बुडवू द्यायची नाही. “पाण्यापायी मी शाळा सोडली तेवढं पुरे,” म्हणायची. खाडे वाढत गेले. शेवटी मालकानं सांगितलं, “बाई, अजून एक खाडा झाला तर तुमच्या मशीनवर दुसरी बसंल.”

मोर्चाची कल्पना वडिलांची नव्हती, माझीही नव्हती. ती समोरच्या घरातल्या अक्काची. अक्का विड्या वळायची. घरात तेलुगू बोलायची आणि गल्लीत तिचं स्वतःचं मराठी. एकदा विड्या वळता वळता ती वडिलांना म्हणाली, “तुमच्या मोर्चात महागाई असते, सरकार असते. आमचा नळ कधी असते?”

वडिलांनी हातातलं पत्रक उलटं केलं आणि कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली. 

ठरलं ते असं : सोमवारी अकरा वाजता गल्लीतल्या बायकांनी आमच्या भागाच्या पाण्याच्या ऑफिसवर जायचं. पत्रक मी लिहायचं. मी आयुष्यभर त्याचीच तयारी करत होते. एका बैठकीत लिहून काढलं : ‘माता-भगिनींनो, रिकाम्या घागरी घेऊन हजारोंच्या संख्येने सामील व्हा!’

वडिलांनी ते वाचलं आणि ‘हजारोंच्या’ या शब्दावर काट मारली. “गल्लीत घरं चाळीस. पत्रकात खोटं लिहायचं न्हाय. आणि मागणी एकच ठेव. पाण्याची वेळ आदल्या दिवशी सांगा. एक मागितली की त्यांना ‘बघू’ म्हणता येत न्हाय.” मला तेव्हा ते फार मिळमिळीत वाटलं होतं. आज पत्रक लिहिताना मी तसंच करते.

आईनं मालकाला आधीच सांगितलं की सोमवारी येणार नाही. तो म्हणाला, “जा मोर्चाला. मशीनचं मग बघू.” आई घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. मी विचारलं, “मग?”

“मग काय. आजवर पाण्यापायी तोंड लपवून खाडं केलं. हा एक तोंडावर सांगून करते.”

सोमवारी वडील पाळीवर गेले. मी घागर घासून-पुसून उंबऱ्यात ठेवली. आणि नऊ वाजता नळाला पाणी आलं.

मी रस्त्यात उभी राहून ओरडले, “हा डाव आहे! मोर्चा मोडायचा डाव आहे!”

“डाव तर डाव,” अक्का आतून म्हणाली, “आधी बादली लाव.”

तो डाव होता की नुसती आमची पाळी आली होती, हे मला आजही माहीत नाही. पुढचा दीड तास गल्लीत दुसरं काही झालं नाही. पिंपं भरली, बादल्या भरल्या, हंडे, घागरी, पातेली, कुणी जेवणाचे डबेसुद्धा भरून ठेवले. आईनं आमची उंबऱ्यातली घागरही भरली. साडेदहाला मी पत्रक हातात घेऊन घरोघर गेले तर बायका हसायला लागल्या.

“रिकामी घागर आण म्हणतीस. कुटनं आणू? सगळ्या भरल्या की.”

“पाणी आलंय आता. कशाला उगं उन्हात जायचं?”

एकेक जण आत जाऊ लागली. माझ्या डोळ्यांपुढे आईचं मशीन दिसत होतं. मोर्चाच निघाला नाही तर तिचा तो खाडा फुकट जाणार होता. आणि मग मी ते केलं, ज्याची आजही मला लाज वाटते. घरी आले, घागर उचलली आणि सगळ्यांच्या देखत गल्लीत ओतून दिली. मला वाटलं, हे पाहून बायका पेटून उठतील. पत्रकात तसंच होत असतं.

पाणी सिमेंटवरून घरंगळत अक्काच्या दारापुढून गटारात गेलं. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत राहिली. एखाद्याचं ताट लाथाडलं तर माणसं जशी बघतील, तशी.

“अय्यो,” अक्का म्हणाली. “पाणी वतून पाणी मागायला जाते ही पोरगी!”

“असल्या मोर्चाला कोण जातंय,” पलीकडून कुणीतरी बोललं आणि दार लावून घेतलं.

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं रिकामी घागर उचलून माझ्या हातात दिली. “त्यात परवाला लागणारं पाणी हुतं,” एवढंच बोलली. मग आत गेली, दुसरी घागर घेऊन आली. काठोकाठ भरलेली. चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर वर चढवली आणि गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागली.

“भरलेली घागर घेऊन कुटं निघालीस?” अक्कानं विचारलं.

“मोर्चाला. माझ्याकडं हीच हाय.”

 अक्कानं तंबाखूचे हात पदराला पुसले आणि स्वतःची घागर उचलली. मघाशी लावलेलं दार उघडलं. चाळीस घरांतून तीस-पस्तीस बायका निघाल्या. त्यांत रिकामी घागर एकटीची, माझी.

त्यानंतर मी कितीतरी मोर्चे पाहिले. स्पीकर लावलेले, झेंड्यांनी रस्ता भरलेले, वरून ड्रोननं शूटिंग होणारे. पण मन पुन्हा पुन्हा त्या एप्रिलच्या उन्हात जातं. तो मोर्चा फार हळू चालत होता, कारण कुणालाच एक थेंब सांडायचा नव्हता. मुठी वर करायची सोय नव्हती, दोन्ही हात घागरीला. माझी घोषणा दोन ओळींची होती, पाठांतराशिवाय म्हणता येणार नाही अशी. पहिल्या चौकातच अक्कानं ती रद्द केली. ती म्हणाली, “टाइम सांगा!” आणि सगळ्या म्हणाल्या, “टाइम!” रिक्षावाले थांबून ऐकत होते. एक म्हातारा हसून म्हणाला, “बारा वाजायला आलेत, बायांनो.” बायका इतक्या हसल्या की दोघींचं पाणी सांडलंच.

ऑफिसच्या फाटकाशी एक महिला पोलीस उभी होती. घामानं निथळत होती. आईनं तिला ओंजळ धरायला सांगितली आणि घागर कलवून पाणी पाजलं. मला राग आला, कारण मी वाचलेल्या पत्रकांत पोलिसांना पाणी पाजत नाहीत. आता त्या रागाचं हसू येतं.

साहेब बाहेर आले. घागरींकडे पाहून त्यांना नवलच वाटलं. “अहो, पाणी तर आलंय तुमच्याकडं. मग मोर्चा कशाचा?”

मी बोलायला पुढे झाले. पण माझ्याआधी आई बोलली. चार माणसांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“आलंय की. न्हाय म्हणत न्हाय आमी. साहेब, तुमी संध्याकाळी किती वाजता घरी येणार ते तुमच्या घरी ठाऊक असतंय न्हवं?”

“असतं की.”

“तेवढंच आमच्या पाण्याचं सांगा. आदल्या दिवशी. मला मालकाला सांगता यायला पायजे.”

साहेबांच्या मागे उभा असलेला चावीवाला मान खाली घालून हसला.  साहेब त्याच्याकडे वळून म्हणाले, “यांच्या गल्लीजवळच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर लिहायला काय हरकत आहे?”

“मला आदल्या दिवशी सांगा, मी लिहितो की साहेब.”

आमची एकच मागणी होती. तिला ‘बघू’ म्हणायची जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली तर तिच्या मशीनवर दुसरी बाई बसलेली होती. आईला धागे कापायला बसवलं. घरी येऊन तिनं ते सांगितलं आणि भाजी चिरायला घेतली. मी मालकावर पत्रक काढायचं म्हणाले, तर म्हणाली, “थांब जरा.”

गुरुवारी संध्याकाळी टाकीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं : उद्या सकाळी ८ ते १०. आई आल्या पावली कारखान्यात परत गेली आणि मालकाला सांगून आली की उद्या साडेदहाला येते. शुक्रवारी सव्वादहालाच पोचली. पुढच्या खेपेलाही तसंच. भिंतीवरची वेळ पुढे कधी चुकली, कधी पावसानं पुसली, पण पहिले दोन-तीन महिने ती पाळली गेली. तिसऱ्या खेपेला मालकानंच तिला विचारलं, “उद्याचं काय लिवलंय तुमच्या टाकीवर?” कारखान्यात आमच्या भागातल्या आणखी चौघी होत्या, आणि त्या कधी येणार हेही त्याला आता भिंतीवरूनच कळत होतं.

त्या संध्याकाळी आई उशिरा आली. मी दारातच विचारलं, “मशीन मिळालं?”

“मिळालं,” ती चपला काढत म्हणाली. “पण आधी सुई बदलून घेतली. त्या बाईनं पार बोथट करून ठेवली हुती.”