आबांचं ॲसिड

आम्ही जुने मास्तर जमलो, की पहिल्या चहालाच आबांचा विषय निघतो. एकाचं सांगून होत नाही तोच दुसरा म्हणतो, "अरे, ते ताकाचं सांग!" आबा म्हणजे जळगावच्या आमच्या शाळेतले प्रयोगशाळेचे शिपाई. मूळचे एरंडोलकडचे, शिक्षण चौथी. मी तेव्हा सायन्सचा नवा मास्तर, पदवी ताजी आणि अक्कल कच्ची!

*

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, शाळेला जस्त मात्र मिळत नव्हतं. हायड्रोजनचा धडा अडला. आबांनी गावभरचे टॉर्चचे मेलेले सेल गोळा केले, वरचा पत्रा सोलला, धुऊन माझ्यापुढे ठेवला. "हाई घ्या तुमनं जस्त!"

आम्लात टाकताच बुडबुडे! नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली, फट्! दारातून डोकावणारे हेडमास्तर दोन पावलं मागे सरले.

*

उन्हाळ्यात मी पितळी डब्यातून ताक न्यायचो. कल्हई कधीच उडालेली. आबांनी झाकण काढून वास घेतला आणि ताक सरळ मोरीत ओतलं. मी भडकलो.

"सर, आम्ल काय नुसतं बाटलीमाच ऱ्हास का? ताक कळकेल शे!"

आंबट ताकात पितळ उतरून ते विषारी झालं होतं; आम्ल धातूला खातं, हाच धडा मी सकाळी वर्गात शिकवला होता.

*

एकदा तपासणीला साहेब आले. आल्या आल्या वहीत शेरा: 'शिपाई मॅट्रिक हवा. सध्याचा काढावा.' मग स्वतःच तीव्र नायट्रिक ॲसिड नळीत ओतून त्यात लोखंडी खिळा सोडला. एक बुडबुडा येईल तर शपथ!

"पाणी घातलंयस यात. खरं ॲसिड कुठे विकलंस?" साहेब आबांवर कडाडले.

आम्ही गारच पडलो. आबांची नोकरी तर चाललीच होती, वर चोरीचा आळ! कारण मला ठाऊक असायला हवं होतं, पण ऐनवेळी ते आठवलंच नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आबा पुढे झाले. "साहेब, पानी टाकेल नही, म्हनीसन तो गप बठेल शे. आते पानीमा टाकस, मंग देखा."

तीव्र ॲसिडमध्ये लोखंडावर पातळ थर चढतो आणि खिळा वाचतो; पाणी मिसळलं की तो थर टिकत नाही. दुसऱ्या नळीत आधी पाणी, त्यावर त्याच बाटलीतलं ॲसिड, मग नवा खिळा. नळी फसफसली आणि तपकिरी धूर उठला. "खिडक्या बठ्ठ्या उघडा!" आबा ओरडले.

साहेब खोकून खोकून लाल झाले. डोळे पुसले. वहीतल्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले,

"आबा, आणखी एक खिळा द्या!"