वाढत्या मापाची विंग
नव्या रबराचा वास आला की बिबवेवाडीतलं ते डायव्हिंगच्या सामानाचं दुकान आठवतं. लांब पायांमुळे मला पाण्याखाली आडवं राहता येत नव्हतं, म्हणून डायव्हिंगच्या सरांनी विंग, म्हणजे पाठीवरची हवेची पिशवी, कमरेपर्यंत येणारी लांबट घ्यायला सांगितली होती. तलावात आडवं राहणं जमलं तरच ते समुद्रावर नेणार होते. सोबत आलेले बाबा म्हणाले, "मोठी, रुंद द्या, वाढतं पोरगं हाय." "बाबा, विसाव्या वर्षी मी कुठं वाढणार?" दुकानदार थट्टेनं म्हणाले, "वाढतील की! शाळेचा गणवेशच घेताय ना आपण?" चारचौघांत मला पुढे बोलवेना, रुंदच घेतली. तलावात सगळी हवा खांद्यांशी जमली, पाय खाली लोंबले आणि सरांनी समुद्रावर जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव खोडलं. काठावरून बाबा आनंदानं ओरडले, "बघा, कसा ताठ उभा हाय!" आता लांबट विंग मी घेतली आहे. बाबा ती हातात घेऊन विचारतात, "पुढच्या वर्षी व्हईल ना रं ही?"