चारशे कार्डं आणि आमचे अण्णा

माझ्या बहिणीच्या, शांताच्या लग्नाला आमचे अण्णा आले नाहीत, आणि याचं संपूर्ण श्रेय माझं आहे.

अण्णा म्हणजे बसवण्णा, वडिलांचे चुलतभाऊ. सोलापूरजवळच्या कुंभारी गावात एकटेच राहायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पण आमच्या भावकीत त्यांच्याशिवाय एकाही लग्नाच्या अक्षता पडल्या नव्हत्या. लग्न ठरलं की अण्णा सायकल काढायचे आणि घरोघर जाऊन, हातावर अक्षता ठेवून बोलावणं करायचे. कुणाला आधी सांगायचं, कुणाकडे चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही, सगळं तोंडपाठ. त्यांनी आमच्याकडे यायचं, मानानं बसायचं, ते या एका कामामुळं.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या ऑफिसात नुकताच चिकटलो होतो. माहिती कशी गोळा करावी आणि कशी लावावी हे शिकायला कारखान्यानं मला आठ दिवस पुण्याला धाडलं. (आठ दिवसांत माणूस एवढा बिघडू शकतो याची त्यांना कल्पना नसावी.) तिथं कडेला भोकं असलेली कार्डं दाखवली. एका माणसाचं एक कार्ड, प्रत्येक भोकाला एक अर्थ. ज्याला जे लागू, ते भोक कडेपर्यंत कापायचं. मग त्या भोकातून गठ्ठ्यात लांब सुई घालून उचललं, की कापलेली, म्हणजे हवी तेवढीच कार्डं खाली गळतात! मी वेडाच झालो.

"शांताच्या लग्नाची बोलावणी कार्डांवरून होणार. पोष्टानं!" मी घरात जाहीर केलं.

"आणि अण्णा?" वडिलांनी विचारलं.

"त्यांनी या वयात उन्हात सायकल का मारायची? त्यांनी फक्त माहिती द्यायची."

अण्णा पंधरा दिवस रोज कुंभारीहून यायचे आणि माझ्यासमोर पाटावर बसायचे.

"नाव?"

"मल्लप्पा. म्हशीवरनं भावाशी भांडलाय त्यो."

"भांडणाला भोक नाही, अण्णा."

"आरं, पण दोघं पंगतीला समोरासमोर नगोत की!"

"पंगतीलाही भोक नाही. गाव, नातं, माणसं किती, मुक्काम आहे का, एवढंच सांगा."

अण्णा पाटावर सरसावून बसले. मग म्हणाले, "बरं. लिही." शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

"तुम्ही आराम करा की!" मी म्हणालो. प्रेमानंच म्हणालो होतो, देवाशपथ.

आता सुई हवी होती. शांता होणाऱ्या नवऱ्यासाठी स्वेटर विणत होती. (सोलापुरात स्वेटर! पण प्रेमाला हवामान नसतं.) मी तिची सुई ओढून घेतली. निम्मा स्वेटर उसवला. शांता रडली. आई ओरडली, "पोरगी सासरी जायच्या आधीच रडवलीस की रे!" पण कार्डं मात्र पटापट गळली, आणि बोलावणी पोष्टात पडली.

लग्नाच्या दिवशी पहिले भेटले शेजारचे यल्लय्या. हातात माझं पोष्टाचं पाकीट. "मधी एक भिंत हाय. हाक मारला असतास तर आलो असतो की!" अक्षतेआधी बसलेल्या पहिल्याच पंगतीत मल्लप्पा आणि त्याचा भाऊ समोरासमोर बसले, आणि भाताआधीच म्हैस निघाली! दोघंही उपाशी उठले. जो तो विचारायला लागला, "बसवण्णा कुटं हाय?" मी म्हणायचो, "येतील की, घरचेच आहेत."

वडिलांनी मला बाजूला घेतलं. "अण्णाला बोलावणं गेलंय न्हवं?"

मी खोलीत धावलो. कुंभारीच्या भोकात सुई घातली. अकरा कार्डं गळली. अण्णांचं नव्हतं. मग हातानं चारशेच्या चारशे पाहिली. पंधरा दिवस तो माणूस माझ्यासमोर बसला होता, मी त्याला जगाची नावं विचारली, आणि त्याचं लिहिलंच नव्हतं! बाहेर अक्षता पडायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कुंभारी गाठली. शेजारीणबाई दारातच भेटल्या. "रोज पोष्टमनला इचारायचे. 'औंदा बोलावणं पोष्टानं येतंय, आमचा पोरगा लई हुशार हाय' म्हणून गल्लीभर सांगितलं. काल नवं धोतर नेसून दुपारपतुर ओट्यावर बसले व्हते."

आत गेलो आणि मीच चिडलो. (चूक आपली असली की आवाज आपोआप चढतो.) "अण्णा, घरच्या माणसाला बोलावणं लागतंय व्हय? तसंच यायचं की!"

"निघालो व्हतो की," अण्णा म्हणाले. "पण समदं तुज्या कार्डावर चाललंय. मदीच आपण घुसून तुजं गणित कशाला चुकवायचं?"

मला रडू फुटलं. लाज वाटली, ती आजही वाटते. अण्णांनी तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "माणसं आली का समदी? कुणाला बोलवायचं ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

त्यांच्या तोंडाकडे बघून खरं सांगायचा धीर झाला नाही. "नाही," मी म्हणालो.

"मग तुजी कार्डं झ्याक म्हणायची!" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला. निवृत्त होईपर्यंत मी असल्याच व्यवस्था बसवल्या. कुठल्या साहेबानं चांगलं म्हटलं नाही. माझ्या कामाचं मनापासून कौतुक करणारा जन्मात एकच माणूस भेटला, आणि नेमका तोच माझ्या यादीत नव्हता!