दोरीवरचा तिरंगा

खोपोलीत आमच्या शेजारी ब्लाउज शिवणारी चाची राहते. ईदेइतकीच तिला पंधरा ऑगस्टची हौस; तेवढी आमच्या गल्लीत कुणालाच नाही. सकाळीच दारावर तिरंगा लागतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर बुंदीचा लाडू पडतो. मी शाळेत मुलांना रंगांचे अर्थ शिकवते: केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा. हे सांगितलं की चाची मशीनवरून मान वर न करता म्हणते, "आन् पयलं मधोमध चरखा होता, ते सांगतेस का नाय? चक्र मागून आलं. आमा सूतवाल्यांचं नाव गाळू नको गं." दिवसभर दोऱ्याशी झटणारीला चरखा आठवणारच.

गेल्या वर्षी घाटाखालच्या वाऱ्यापावसात तिच्या झेंड्याची केशरी कड उसवली. चाचीने तो दुसऱ्या दिवशी उतरवला, कड शिवली, साबणाच्या पाण्यातून काढला आणि अंगणात दोरीवर वाळत घातला. ओल्या कापडाच्या ओढीने नवी शिवण ताणली जाऊ नये म्हणून चिमटे लावले हिरव्या कडेला. म्हणजे हिरवा वर आला, केशरी खाली. शिवणकाम करणारी कुठलीही बाई हेच करील.

कुणीतरी रस्त्यावरून फोटो काढला. दुपारी तो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, खाली लिहिलेलं, "मुद्दाम हिरवा वर." माझं डोकंच फिरलं. धुतलेला झेंडा वाळतोय, एवढंही कळत नाही का, असं मी तिथेच खरमरीत लिहिलं. फोटो ग्रुपवरून डिलीट झाला. टाकणाऱ्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय संपला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं.

यंदा चौदा ऑगस्टला संध्याकाळी ती आमच्या दारात आली. इस्त्री करून घडी घातलेला तिरंगा तिने माझ्या हातात ठेवला.

"उद्या तुमच्या दारावर लाव गं."

"का? तुझ्या दाराला काय झालं?" मी चिडूनच विचारलं. मला चाचीचा नव्हे, त्या फोटोवाल्याचा राग आला होता, नव्याने.

"दाराला काय नाय झालं." ती घडीवरून हात फिरवत राहिली. "पन तुज्या दोरीवर हा कसाबी वाळला ना बाय, तरी कोन फोटो नाय काढनार."