पाच बेदाणे

जर्मनीतल्या आखनमध्ये पीएचडी करत असताना मी एका जर्मन आजींच्या घरात वरच्या मजल्यावर, त्यांच्या शेजारच्याच खोलीत भाड्याने राहायचो. त्यांचा हात मोडला आणि त्यांच्या कुत्रीला जिन्यावरून वर-खाली नेण्याची कामगिरी माझ्यावर आली. ती डाकेल जातीची: आखूड पाय आणि लांबच लांब पाठ. या जातीचा कणा नाजूक. जिन्यावर दुखावला तर मागचे पायच जायचे. म्हणून एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. "दोन्ही हात!" आजी रोज बजावायच्या. दोन टोकांना आधार कसा द्यायचा हे मला, मेकॅनिकलवाल्याला, शिकवत होत्या!

बागेत मात्र तिचा नाजूकपणा कुठच्या कुठे पळायचा. बिळात शिरून शिकार बाहेर काढायला घडवलेली जात ही. पुढच्या पंजांनी ती माती अशी उडवायची की विचारू नका. एवढ्याशा देहात एवढा दम येतो कुठून, मी थक्क होऊन बघत राहायचो.

गणपतीत मी शिरा केला. कॉलिंग कार्डावरून फोन करून आईला कृती विचारली होती. नैवेद्य मुक्या जनावराला द्यायची आमच्या घरची पद्धत, म्हणून वाटीच तिच्यापुढे ठेवली. तिने ती चाटूनपुसून साफ केली. मी कौतुकाने आजींना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"बेदाणे होते त्यात?"

बेदाणे कुत्र्यांना विषासारखे, मूत्रपिंडं निकामी करतात, हे मला त्या क्षणी कळलं. प्राण्यांच्या दवाखान्यात जाताना टॅक्सीत मी तिला घट्ट धरून बसलो होतो.

"किती खाल्ले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाच."

"नक्की?"

"नक्की. नैवेद्यावर आम्ही पाचच ठेवतो."

त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. चार बेदाणे पडले. मग बराच वेळ काहीच नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. शेवटी पाचवाही पडला.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. बरोबर पाच.

दुसऱ्या दिवशी शरमेने मी खोलीबाहेरच पडलो नाही. तेवढ्यात दारावर नखं वाजली. दारात आजी आणि ती. तिने माझी बोटं नीट हुंगली आणि आपली छाती माझ्या तळव्यावर टेकवली.

"दोन्ही हात," आजी एवढंच म्हणाल्या.

जिना उतरताना मला रडू आवरेना, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.